एअर काढूनही ब्रेकचं पेडल परत मऊ होतंय? आधी कारण शोधा, मग पाना हातात घ्या

"मागच्याच महिन्यात एअर काढली भाऊ, आणि ब्रेक परत खाली जायला लागला." चैत्र-वैशाख आला की आमच्या खान्देशात ही तक्रार घरोघर ऐकू येते. सप्तशृंगी गडावरची चैत्राची यात्रा, पाठोपाठ आखाजीला (अक्षय्य तृतीयेला) लेकीबाळींना माहेरी आणणं आणि परत पोहोचवणं, वर लग्नसराई. एरवी अंगणात उभी असलेली गाडी एकदम भरून धावायला लागते आणि ब्रेकमध्ये लपलेला दोष वर येतो. गॅरेजवाला निपल, म्हणजे चाकाजवळचा पोकळ छोटा बोल्ट, ढिलं करून एअर, म्हणजे ब्रेकच्या तेलात अडकलेली हवा, काढून देतो. पेडल तेवढ्यापुरतं वर येतं. थोड्या दिवसांनी पुन्हा तेच, "पाय खाले जास."

ब्रेकची तेलाची वाट चारही बाजूंनी बंद असते. तिच्यात हवा आपोआप तयार होत नाही. ती आत आली असेल तर तीनच वाटांनी: कुठून तरी तेल गळतंय, तेल उकळून त्याची वाफ झाली, किंवा काम करताना कोणीतरी हवा आत ठेवून दिली. आणि पुष्कळदा तर हवेचा प्रश्नच नसतो, मागचे लायनर (ब्रेक दाबला की घासणारे पट्टे) ड्रमपासून, म्हणजे चाकाबरोबर फिरणाऱ्या लोखंडी डब्यापासून, लांब गेलेले असतात. म्हणून दर वेळी एअर काढत बसणं मला पटत नाही. त्यात तेल जातं, पैसे जातात आणि खरा दोष आतल्या आत वाढत राहतो.

पेडल मऊ लागत असेल तोवर गाडी रस्त्यावर काढू नका, हे आधी मनावर घ्या. "हळू चालवतो, गावातल्या गावात जातो" हे ब्रेकच्या बाबतीत चालत नाही. घरी तपासून कारण सापडलं नाही तर मेकॅनिकला घरी बोलवा किंवा गाडी ओढून न्या.

पायाने काय कळतं ते बघा

इंजिन बंद ठेवा. पेडल पाच-सहा वेळा दाबून सोडा. बूस्टरमध्ये (पायाचा जोर वाढवून देणाऱ्या भागात) साठलेला व्हॅक्यूम संपतो आणि पेडल कडक होतं. आता मन लावून दाबून बघा, कारण पुढचं सगळं निदान इथून निघतं.

दाबल्यावर पेडल लिबलिबीत लागतंय, तळ असा सापडतच नाही, भराभर पंप केलं की थोडं वर येतं आणि जरा कडक होतं, पण थांबून दाबलं की परत तसंच. ही हवेची खूण. तेल दाबलं जात नाही, हवा दाबली जाते, आणि तुमचा पाय ती हवा दाबण्यातच खर्च होतो.

पेडल बरंच खाली जाऊन मग कडक लागतंय आणि लगेच दुसऱ्यांदा दाबलं की वरच्या वर लागतंय. तळ मात्र टणक आहे. हे हवेपेक्षा लायनर लांब गेल्याचं लक्षण आहे. लायनरला ड्रमपर्यंत पोहोचवण्यातच पेडलचा पहिला प्रवास संपतो.

पेडल एकसारख्या जोराने धरून ठेवलं, तर अर्ध्या-एक मिनिटात हळूहळू खाली बसत जातंय. म्हणजे तेल कुठून तरी निसटतंय. बाहेर गळत असेल तर दिसेल. बाहेर कुठेच ओल नसेल तर मास्टर सिलेंडरच्या (पेडल दाबलं की तेल चाकांकडे ढकलणाऱ्या भागाच्या) आतले रबरी वॉशर गेलेत आणि तेल आतल्या आत मागे फिरतंय. ही चाचणी करताना पाय हळू दाबा. जोरात दाबल्यावर थकलेला वॉशरही कधीकधी घट्ट बसतो आणि फसवतो.

घरी पेडल चांगलं, खडबडीत रस्ता पार केल्यावर पहिल्यांदा दाबलं की खोल जातं, दुसऱ्यांदा नीट. पुढच्या चाकाचं बेअरिंग ढिलं झालंय किंवा डिस्क (चाकाबरोबर फिरणारी थाळी, जिला पॅड दोन्हीकडून चिमटतात) वाकडी फिरतेय. डिस्क डोलली की ती पॅडला मागे ढकलते, आणि पुढच्या वेळी पॅडला तेवढं अंतर परत कापावं लागतं. चाक जॅकवर उचलून वर-खाली धरून हलवा. खुळखुळ जाणवली तर बेअरिंग बघा, ब्रेकच्या तेलाला हात लावू नका.

पेडल दगडासारखं कडक आहे पण गाडी थांबत नाही, ही वेगळीच तक्रार. तिथे पॅड किंवा लायनर तापून पकड सुटलेली असते, नाहीतर बूस्टर काम करत नसतो. बूस्टर असा तपासा: इंजिन बंद असताना पेडल कडक होईपर्यंत दाबा, पाय दाबलेलाच ठेवून इंजिन सुरू करा. पेडल किंचित खाली गेलं तर बूस्टर ठीक. इंजिन चालू असताना पेडल बंद इंजिनपेक्षा थोडं हलकं लागणारच, तो दोष समजू नका. बरेच जण तेवढ्यावरूनच घाबरतात.

तेलाचा डबा

बॉनेट उघडून मास्टर सिलेंडरवरचा डबा बघा. झाकण काढायच्या आधी ते आणि आजूबाजूची जागा फडक्याने स्वच्छ पुसा. आपल्याकडच्या काळ्या मातीची बारीक धूळ झाकणाच्या कडेला थापून बसलेली असते, आणि तिचा एक कण आत गेला तरी वॉशरची कड कापायला पुरतो.

तेलाची पातळी कमाल आणि किमान खुणांच्या मध्ये हवी. पातळी उतरली म्हणजे गळतीच, असंही नाही. पुढचे पॅड झिजतात तसे कॅलिपरचे (पॅड डिस्कवर दाबणाऱ्या भागाचे) पिस्टन बाहेर येतात, त्यांच्या मागची जागा तेल भरतं आणि डब्यातली पातळी संथपणे उतरते. म्हणून पातळी खाली दिसली की आधी पॅडची जाडी बघा. पॅड संपत आलेले असताना डबा काठोकाठ भरलात, तर नवे पॅड बसवताना पिस्टन मागे ढकलले की तेल डब्यातून वर येऊन बॉनेटखालच्या रंगावर सांडेल. हे तेल रंग उचलून काढतं. सांडलं तर नुसतं पुसू नका, लगेच भरपूर पाण्याने धुवा.

काही गाड्यांत क्लचही तेलावर चालतो आणि त्याची नळी याच डब्याला जोडलेली असते. पातळी उतरतेय, चारही चाकं कोरडी आहेत, मग क्लचच्या पेडलमागे हात घालून ओल बघायला विसरू नका.

तेलाचा रंग फिकट मधासारखा असला तर बरं. चहासारखा तपकिरी किंवा काळपट झाला असेल तर बदलायची वेळ होऊन गेली. पण रंगावर पूर्ण विसंबू नका, पाणी शोषलेलं तेल दिसायला स्वच्छही असू शकतं. शेवटचं कधी बदललं हे आठवत नसेल तर बदलायचंच.

उन्हावर ढकलू नका

"आपल्याकडचं ऊनच असं, ब्रेक ऑइल पातळ होतं," असं जळगाव-भुसावळकडे सर्रास म्हणतात. मे महिन्यात पारा पंचेचाळीसला टेकतो हे खरं. पण डॉट ३ (डॉट हा ब्रेकच्या तेलाचा ठरलेला दर्जा) तेल नवं असताना किमान २०५ अंशांपर्यंत उकळत नाही, डॉट ४ किमान २३० अंशांपर्यंत. पंचेचाळीस अंश त्याच्यापुढे काहीच नाही.

खरी गोम पाण्यात आहे. हे तेल हवेतली ओल ओढून घेतं, डब्याच्या झाकणातून आणि रबरी होजच्या अंगातूनसुद्धा. तेलात पाणी ३.७ टक्के झालं की डॉट ३ चा उकळबिंदू १४० अंशांपर्यंत आणि डॉट ४ चा १५५ अंशांपर्यंत खाली आलेला चालतो, असं डॉटचं प्रमाणच सांगतं. आता भरलेली गाडी घेऊन सप्तशृंगी गडावरून नांदुरीला उतरा, कन्नडकडून चाळीसगावला घाट उतरा, किंवा तोरणमाळहून शहाद्याच्या बाजूला या. सतत ब्रेकवर पाय असेल तर डिस्क शेकडो अंश तापते. ती उष्णता पॅडमधून पिस्टनमागच्या तेलात शिरते. जुन्या तेलातलं पाणी उकळतं, वाफ होते, आणि वाफ म्हणजे दाबली जाणारी हवाच. पेडल एकदम खाली. खाली येऊन अर्धा तास गाडी उभी केली की वाफ परत पाणी होते आणि पेडल जसंच्या तसं. गॅरेजमध्ये नेईपर्यंत दोष गायब. म्हणून हा दोष वर्षानुवर्षं सापडत नाही.

घाटात मऊ आणि घरी कडक, असं होत असेल तर नुसती एअर काढून काही साधणार नाही. सगळं जुनं तेल काढून नवं भरा, आणि यापुढे साधारण दर दोन वर्षांनी बदला. गाडीच्या पुस्तकात मुदत कमी दिली असेल तर पुस्तक पाळा. उतारावर ज्या गिअरने चढला असता त्याच गिअरने उतरा. आणि उतारातच पेडल खाली गेलं तर भराभर पंप करा, एकेक गिअर खाली आणा, हँडब्रेकचं बटण दाबून धरत हळूहळू ओढा. इंजिन बंद करू नका, बूस्टर आणि स्टिअरिंग दोन्ही जड होतील.

कोणतं तेल घालायचं ते डब्याच्या झाकणावर लिहिलेलं असतं. डॉट ३ आणि डॉट ४ एकाच जातीचे आहेत. डॉट ५ मात्र सिलिकॉनचं, त्यांच्यात मिसळायचं नाही. डॉट ५.१ नावाने जवळचं वाटलं तरी ते सिलिकॉनचं नाही. इंजिन ऑइल, स्टिअरिंगचं तेल किंवा दुसरं कोणतंही खनिज तेल चमचाभरसुद्धा डब्यात गेलं तर सगळे रबरी वॉशर फुगतात आणि मास्टर सिलेंडरपासून चाकापर्यंत सगळं बदलावं लागतं. तेल विकत घेताना नवा, सीलबंद डबा घ्या. मागच्या वर्षी फोडून ठेवलेला अर्धा डबा कपाटात सापडला तर तो वापरू नका.

मागचे ड्रम: इथेच बहुतेकांचं उत्तर आहे

आपल्याकडच्या बहुतेक छोट्या गाड्यांना पुढे डिस्क आणि मागे ड्रम असतात. सगळ्यांचं लक्ष पुढच्या पॅडवर असतं आणि मागचा ड्रम कोणी उघडतच नाही. माझा सल्ला असा की परत परत मऊ होणाऱ्या पेडलचा शोध मागच्या ड्रमपासूनच सुरू करावा.

गाडी सपाट, कठीण जागेवर घ्या. शेणाने सारवलेल्या किंवा मुरमाच्या अंगणात जॅक रुततो. पुढच्या चाकांना दोन्हीकडून दगड लावा, गाडी गिअरमध्ये ठेवा, हँडब्रेक सोडा. जॅकवर उचलल्यावर खाली मजबूत स्टँड द्या. विटांच्या चळतीवर गाडी ठेवू नका, वीट सांगून फुटत नाही. नुसत्या जॅकवरच्या गाडीखाली अंग घालायचं नाही.

चाक काढल्यावर ड्रम हाताने निघाला तर बरंच. बऱ्याच ड्रमना आटे पाडलेली दोन भोकं असतात. त्यांत योग्य मापाचे दोन बोल्ट थोडे थोडे, आळीपाळीने आवळले की ड्रम सरळ बाहेर येतो. हातोड्याने कडा ठोकून तो फोडू नका. ड्रम निघाला की कोणालाही पेडल दाबू देऊ नका, नाहीतर सिलेंडरचे पिस्टन उडून बाहेर येतील. आतली भुकटी फुंकू नका, कंप्रेसरची हवाही मारू नका, ती छातीत जायला चांगली नाही. ओल्या फडक्याने टिपून घ्या. स्प्रिंगांना हात लावायच्या आधी मोबाईलवर फोटो काढा, आणि एका वेळी एकच बाजू उघडा, म्हणजे दुसरी बाजू नमुन्याला राहते.

आता व्हील सिलेंडर बघा. तो वरच्या बाजूला, दोन लायनरच्या मध्ये आडवा असतो, दोन्ही टोकांना रबरी टोप्या. टोपीची कड छोट्या स्क्रू ड्रायव्हरने अलगद उचला. आत नुसता दमटपणा असला तर चालेल. पण टोपी उचलताच तेलाचा थेंब घरंगळला, किंवा खालच्या भुकटीचा काळा चिखल होऊन तो बॅकप्लेटवर (ड्रममागच्या पत्र्यावर) ओघळलेला दिसला, तर इथून तेल जातंय आणि इथूनच हवा शिरतेय. तुमची एअर दर महिन्याला इथून परत येते.

अशा वेळी सिलेंडर बदला, आणि दोन्ही बाजूंचे बदला. एक गेला म्हणजे त्याच वयाचा दुसराही फार लांब नाही. तेल लागलेले लायनर पेट्रोलने धुऊन किंवा पॉलिश पेपरने घासून परत बसवण्याची पद्धत मला मान्य नाही. लायनर तेल पिऊन बसलेला असतो, तापला की ते बाहेर सोडतो, आणि ब्रेक दाबला की गाडी एका बाजूला ओढते. नवे लायनर फार महाग नसतात. जोडीने बदला.

सिलेंडर कोरडा असेल तर ॲडजस्टर बघा. लायनर झिजत जातील तसं अंतर आपोआप भरून काढण्याचं काम त्याचं. कापसाच्या शेतरस्त्यांवरची धूळ, पावसाळ्यातला चिखल, आणि मग तो गंजून जागच्या जागी बसतो. लायनर झिजत राहतात, अंतर वाढत राहतं आणि पेडल दर महिन्याला थोडं थोडं खाली जातं. एअर काढताना मेकॅनिक पेडल भराभर पंप करतो, तेवढ्याने पेडल वर आल्यासारखं वाटतं, बस. ॲडजस्टर काढून वायर ब्रशने आटे साफ करा, बोटाने सहज फिरतो का बघा, आट्यांवर उष्णता सोसणारं ग्रीस अगदी पुसटसं लावा. मग लायनर इतके बाहेर आणा की ड्रम चढवून हाताने फिरवला की हलकी घासण ऐकू यावी, पण ड्रम अडू नये.

हँडब्रेकची केबल आवळून पेडल वर आणण्याचा प्रकार पुष्कळ ठिकाणी चालतो. करू नका. केबल आधीच ताणलेली राहिली तर कित्येक गाड्यांत लायनर आपल्या मूळ जागी परत येत नाहीत आणि ॲडजस्टरला अंतर मोजताच येत नाही. आधी लायनर, मग केबल, हाच क्रम.

ड्रमला टर्निंग केलेलं (आतून कातून गुळगुळीत केलेलं) असेल तर त्याच्यावर कोरलेला कमाल व्यास ओलांडला नाही ना ते बघा. मोठ्या झालेल्या ड्रमची गोलाई आणि नव्या लायनरची गोलाई जुळत नाही. लायनर मधेच टेकतो, दाबल्यावर वाकतो, आणि पायाला अगदी हवा असल्यासारखं लिबलिबीत लागतं. कितीही एअर काढा, जात नाही.

बाकीच्या जागा

रबरी होज चारही चाकांजवळ नीट बघा. कोणाला तरी पेडल दाबायला सांगा आणि होजवर बोटं ठेवा. फुगा येतोय, वरच्या थराला चिरा पडल्यात, तर बदला. होज बदलताना बोल्टच्या दोन्ही बाजूंचे तांब्याचे वॉशर नवेच घाला. जुने दाबलेले असतात, त्यांच्यातून झिरपतं.

कॅलिपरचं निपल कॅलिपरच्या वरच्या टोकाला आहे ना, हे बघायला एक मिनिट लागतं. दुरुस्तीत डावा कॅलिपर उजवीकडे आणि उजवा डावीकडे बसला तर तो बसतो छान, पण निपल खाली येतं. हवा वर राहते, तेल खालून निघतं. अशा गाडीची एअर जन्मात निघत नाही.

मास्टर सिलेंडर बूस्टरला जिथे टेकतो त्या सांध्याखाली हात फिरवा. बूस्टरचा रंग तिथे पापुद्रे होऊन निघालेला असेल तर मागच्या वॉशरमधून तेल झिरपतंय. कधीकधी ते सरळ बूस्टरच्या पोटात जातं, बाहेर थेंब दिसत नाही आणि डबा मात्र रिकामा होतो. मास्टरचे नुसते वॉशर बदलून मिळतात, पण आतली भिंत गंजून खरबरीत झाली असेल तर नवे वॉशरही टिकत नाहीत. त्यापेक्षा अख्खा मास्टर बदलणं मला योग्य वाटतं, आणि ते काम घरी पहिल्यांदाच करणाऱ्याने करू नये.

आता एअर काढा

कारण सापडलं, दुरुस्त झालं, मगच हे काम. दोन माणसं लागतात. सामान असं: निपलच्या मापाचा रिंग पाना, निपलवर घट्ट बसेल अशी पारदर्शक नळी, एक पारदर्शक बाटली, आणि तेल बदलायचंच असेल तर एक लिटर नवं तेल. सलाइनची नळी बऱ्याच निपलवर नीट बसते. बाटलीवर मोठ्या अक्षरांत 'ब्रेक ऑइल, विषारी' असं लिहा. पाण्याची बाटली वापरलीत तर घरातलं पोर ती तोंडाला लावायला वेळ लागत नाही.

निपल गंजलेलं असेल तर आदल्या रात्री गंज सोडवणारा स्प्रे मारून ठेवा. उघड्या तोंडाचा पाना लावू नका, कडा जातात. जोर लावून निपल मोडलं तर सिलेंडरच बदलावा लागतो.

आपल्या गाड्यांत मास्टर उजवीकडे असतो, म्हणून लांबून जवळ असा नेहमीचा क्रम मागचं डावं, मागचं उजवं, पुढचं डावं, पुढचं उजवं असा येतो. पण पुष्कळ गाड्यांत एका मागच्या चाकाची जोडी तिरप्या पुढच्या चाकाशी असते आणि कंपनी वेगळा क्रम सांगते. पुस्तकात असेल तो क्रम पाळा.

इंजिन बंद. पेडलखाली लाकडाचा जाडसर तुकडा ठेवा. हे फार थोडे लोक करतात आणि फार महत्त्वाचं आहे. रोज पेडल जितकं जातं त्याच्या पुढची मास्टरची भिंत वर्षानुवर्षं न वापरलेली, गंजाचे कण धरलेली असते. एअर काढताना पेडल पार तळाला गेलं तर वॉशरची कड त्या खरखरीत भागावरून जाऊन फाटते. एअर काढल्यावर पेडल आधीपेक्षा वाईट झालं, असं सांगणाऱ्या कितीतरी जुन्या गाड्यांचं कारण हे असतं.

नळीचं एक टोक निपलवर, दुसरं बाटलीतल्या थोड्या तेलात बुडालेलं. आतला माणूस पेडल हळू दाबतो आणि "धरलं" म्हणतो. बाहेरचा निपल पाव-अर्धा फेरा उघडतो, तेल निघतं, पेडल खाली जातं. निपल बंद करून बाहेरचा "सोड" म्हणेपर्यंत आतल्याने पाय जराही उचलायचा नाही. पाय आधी उठला की निपलच्या आट्यांतून हवा आत ओढली जाते. हाका ठरवून घ्या, मोठ्याने बोला. घाईघाईने पंप करू नका, त्याने हवेचे मोठे बुडबुडे फुटून बारीक होतात आणि ते निघायला फार वेळ लावतात.

नळीकडे लक्ष ठेवा. पहिल्यांदा काळपट तेल, मग हवेचे लांब तुकडे, मग बारीक बुडबुड्यांची माळ, मग स्वच्छ तेल. स्वच्छ झालं की थांबायचा मोह होतो, पण कॅलिपरला लाकडी मुठीने दोन-चार हलक्या टिचक्या मारा. आत भिंतीला चिकटलेले बुडबुडे सुटतात आणि बहुतेक वेळा आणखी एक माळ निघते. दर चार-पाच दाबांनंतर डबा भरा. डबा रिकामा होऊन मास्टरमध्ये हवा गेली की काम पहिल्यापासून.

दुसरा माणूस नसेल तर निपल उघडून नळी बाटलीत सोडा आणि तेल आपल्या वजनाने थेंब थेंब गळू द्या. वेळ लागतो, पण काम स्वच्छ होतं आणि जुन्या मास्टरला त्रास नाही. डब्यावरून नजर हटवायची नाही, एवढंच.

एबीएसच्या (ब्रेक लावताना चाकं जाम होऊ न देणाऱ्या यंत्रणेच्या) गाड्यांबद्दल वेगळं सांगायला हवं. एप्रिल २०१९ नंतरच्या नव्या गाड्यांत एबीएस असतंच. फक्त चाकाजवळ काम झालं असेल तर ही पद्धत चालते. पण डबा पूर्ण रिकामा झाला किंवा मास्टर बदलला, तर एबीएसच्या युनिटमध्ये हवा अडकू शकते. तिथले व्हॉल्व्ह स्कॅनरने (गाडीच्या कॉम्प्युटरला जोडायच्या यंत्राने) उघडावे लागतात. चारही चाकांतून स्वच्छ तेल येऊनही पेडल लिबलिबीतच असेल तर घरी आणखी तेल वाया घालवू नका, स्कॅनर असलेल्या ठिकाणी दाखवा.

रस्त्यावर काढण्यापूर्वी

निपल सगळे बंद, वर रबरी टोप्या. डबा कमाल खुणेपर्यंत. चाकाचे नट आवळलेले. पॅड नवे घातले असतील तर गाडी जागची हलवायच्या आधी पेडल कडक होईपर्यंत दाबा, पिस्टन पॅडपाशी येईपर्यंत ब्रेक लागतच नाही. मग इंजिन सुरू करून पेडल जोरात दाबून मिनिटभर धरा आणि दुसऱ्याला चारही चाकांजवळ ओल बघायला सांगा. पहिली फेरी गावाबाहेरच्या मोकळ्या, सपाट रस्त्यावर, चालण्याच्या वेगात, हात हँडब्रेकवर ठेवून.

घरी आल्यावर डब्यावर तेलाच्या पातळीशी मार्करने बारीक रेघ ओढा आणि शेजारी तारीख लिहा. आठवड्याने गाडी त्याच जागी, सपाटावर उभी करून बघा. रेघ आणि पातळी जुळली पण पेडल परत खाली गेलं, तर ॲडजस्टर आणि मास्टरच्या आतले वॉशर बघायचे. पातळी उतरली असेल तर कुठेतरी गळतंय, आधी मागचे ड्रम पुन्हा उघडा. मेकॅनिककडे न्यायची वेळ आलीच तर "एअर काढून द्या" असं सांगू नका. पेडल गार असताना कसं लागतं, तापल्यावर कसं, धरून ठेवलं तर बसतं का, आणि आठवड्यात पातळी किती उतरली, हे सांगा.